एकरभर ऊस, पण एकेक काम



सुरू लागणीचे दिवस जवळ आले की पुष्कळ सभासद आम्हांला म्हणतात, "साहेब, एकरभर ऊस म्हणजे लय मोठं काम हाये, पुढच्या साली पाहू." काम मोठे खरे, पण ते एका दिवसात करायचे नसते.

आपला पेंच प्रकल्पच घ्या. तोतलाडोहला वीज करून सुटलेले पाणी पारशिवनी तालुक्यातील नवेगाव खैरीच्या धरणात येते. तेथून डावा आणि उजवा कालवा, मग वितरिका, मग मायनर आणि शेवटी आपल्या धुऱ्याजवळची शेतचारी. एवढ्या मोठ्या कामाचे असे तुकडे पाडले, म्हणूनच पाणी वावरापर्यंत येते. पण शेवटची चारी गाळाने बुजली, तर वरचे सारे धरण भरूनही टोकाचे वावर कोरडेच राहते. म्हणून एकही तुकडा अर्धवट सोडू नये.

उसाचेही तसेच आहे. आम्ही एकराचे काम असे वाटून देतो :

1) मशागत : उभी-आडवी नांगरट, एकरी 8 ते 10 टन शेणखत, मग सऱ्या.

2) बेणे : 9 ते 11 महिन्यांचे, निरोगी बेणेमळ्यातील. दोन डोळ्यांची सुमारे 10,000 टिपरी लागतात. ती आधीच बोलून ठेवावीत.

3) पाणी : पाळी सुटण्याआधी चारी साफ करावी. हे काम शेजाऱ्यांनी मिळून एका सकाळी उरकावे.

4) लागण : 15 डिसेंबर ते 15 फेब्रुवारी.

5) खत : एकरी 100 किलो नत्र एकदम टाकू नये. लागणीला 10, सहा ते आठ आठवड्यांनी 40, बारा ते सोळा आठवड्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला 40 किलो द्यावे. स्फुरद व पालाश प्रत्येकी 46 किलो. निम्मे लागणीला, निम्मे बांधणीला.

पहिली दोन कामे लांबली की लागण मार्चात जाते. मग फुटवे यायच्या वेळीच ऊन तापते, फुटवे कमी येतात आणि टनेज घटते. तो तोटा पुढे कितीही खत टाकले तरी भरून निघत नाही.

तेव्हा घरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक कामापुढे तारीख आणि करणाऱ्याचे नाव लिहावे. पैशाची अडचण असेल तर यंदा वीसच गुंठे लावा, पण वेळेवर लावा. लागण होताच नोंद आपल्या गटाच्या शेतकी सहायकाकडे द्यावी, म्हणजे तोडीचा कार्यक्रमही वेळेवर आखता येईल.

— ऊस विकास अधिकारी