पाहावेसे का वाटते?

जुलै महिन्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी लोणावळ्याच्या स्थानकावर उभे राहावे. पुण्याहून आलेली लोकल रिकामी होते. छत्र्या, रेनकोट, मक्याची कणसे आणि गोंगाट असा सारा लोंढा भुशी धरणाच्या दिशेने चालू लागतो. एवढी माणसे इथे कशासाठी येतात? विचारले तर उत्तर मिळते, ‘पाऊस बघायला!’ पाऊस तर घरीही पडत असतो. तरीही डोंगर, धुके आणि पाणी पाहण्यासाठी माणूस पैसे आणि वेळ खर्चून इथवर येतो. ही ओढ कसली आहे? आणि या ओढीतून पुढे निसर्गाचा अभ्यास कसा जन्माला येतो? या दोन प्रश्नांचा येथे विचार करू.

एका खेकड्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आम्ही शाळेतल्या मुलांना घेऊन खंडाळ्याच्या बाजूला गेलो होतो. मुले ओढ्यात खेळत होती. नववीतली एक मुलगी मात्र काठावरच्या दगडाशी बसून राहिली होती. दगडाखाली खेकड्याची मादी होती आणि तिच्या पोटाखालच्या पाळीत इवलीइवली पिल्ले दाटीने बसलेली होती. मुलीने विचारले, ‘‘सर, ही पिल्लांना पाण्यात का सोडत नाही?’’

प्रश्न अगदी नेमका होता. समुद्रातल्या बहुतेक खेकड्यांच्या अंड्यांतून सूक्ष्म डिंभक बाहेर पडतात. ते पाण्यावर तरंगत वाढतात आणि अनेक रूपे बदलून खेकडा बनतात. घाटातल्या ओढ्यात असे डिंभक सोडले तर पहिल्याच पावसात ते वाहून जातील. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत ही तरंगती अवस्थाच उरलेली नाही. अंड्यातून थेट छोटा खेकडा बाहेर येतो आणि काही काळ आईच्या पोटाशी राहतो. आम्ही हे सांगितल्यावर त्या मुलीने ओढ्याकडे पाहिले, मग पुन्हा खेकड्याकडे पाहिले आणि ती म्हणाली, ‘‘म्हणजे ओढ्यामुळे खेकडा असा झाला!’’ हे वाक्य तिला कोणी शिकवले नव्हते.

ओढीमागची कारणे

पहिले कारण अगदी जुने आहे. शेती सुरू होऊन जेमतेम दहा-बारा हजार वर्षे झाली. त्याआधीची लाखो वर्षे माणूस शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून जगला. कोणते फळ कधी पिकते, कोणत्या पाऊलवाटेने जनावर पाण्यावर येते, ढग कोणत्या बाजूने आले की पाऊस लागतो, हे ज्याने नीट पाहिले तो टिकला. त्यामुळे सजीवांकडे लक्ष वेधले जाणे हा आपल्या स्वभावाचाच भाग झाला असावा, असे मत जीवशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी १९८४ साली ‘बायोफिलिया’ या पुस्तकात मांडले. या मताला अजून काटेकोर सिद्धता मिळालेली नाही, पण ते विचार करण्याजोगे आहे.

दुसरे कारण मनाला मिळणाऱ्या विसाव्याचे. त्याच वर्षी रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातील जुन्या नोंदी तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. रुग्णांच्या जोड्या अवघ्या २३ होत्या, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे.

तिसरे कारण शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. उलगडा न झालेली गोष्ट माणसाला स्वस्थ बसू देत नाही. उत्तर जवळ आहे असे वाटले की कुतूहल आणखी वाढते. २०१४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी असे दाखवून दिले, की कुतूहल जागे असताना माणसाला हव्या असलेल्या प्रश्नाचे उत्तर तर चांगले लक्षात राहतेच, पण त्याच वेळी डोळ्यांसमोरून गेलेली, प्रश्नाशी संबंध नसलेली गोष्टही अधिक लक्षात राहते. बक्षीस मिळताना मेंदूचे जे भाग काम करतात, तेच कुतूहलाच्या वेळीही काम करतात. खेकड्याचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला त्या दिवशीचा ओढा, दगड आणि पाऊस कदाचित जन्मभर आठवेल.

पाहणे आणि निरखणे

पण ओढ वाटणे म्हणजे अभ्यास नव्हे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. तेही निसर्ग पाहायलाच आले होते. पाणी इतक्या झपाट्याने कसे वाढते? लोणावळ्याचे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेले आहेत. हा काळा पत्थर पाणी फारसे शोषत नाही. त्यावरचा मातीचा थर पातळ असतो आणि तो पावसाने एकदा भिजला की पुढचा थेंब न् थेंब उतारावरून धावतो. वर डोंगरात सर कोसळली तर खाली ऊन असतानाही ओढा काही मिनिटांत फुगतो. पाणी गढूळ होणे, काड्या आणि पाने वाहत येणे, आवाज जड होणे या त्याच्या आधीच्या खुणा. त्या प्रत्येक वेळी दिसतीलच असे नाही, म्हणून पावसाळ्यात प्रवाहाच्या मध्ये न थांबणे हेच शहाणपणाचे. डोंगरात राहणाऱ्या माणसांना हे ठाऊक असते, कारण त्यांनी ओढा वर्षभर पाहिलेला असतो. एका रविवारी आलेल्या पाहुण्याला ते कोण सांगणार? हे ज्ञान मुलांपर्यंत पोहोचवण्याची जागा शाळा हीच आहे.

खंडाळ्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ

ओढीचे रूपांतर अभ्यासात कसे होते याचे उत्तम उदाहरण याच परिसरात सापडते. मूळचे स्पेनचे असलेले फादर सांतापाव मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत. खंडाळ्याच्या डोंगरांत ते अनेक वर्षे, वेगवेगळ्या ऋतूंत हिंडले. कोणती वनस्पती कुठे उगवते, कधी फुलते, याची टिपणे त्यांनी केली, नमुने वाळवून ठेवले. त्यातून १९५३ साली खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७० साली त्यांचे निधन झाले.

त्यांना ज्या वनस्पतींनी वेध लावले त्यांत कारवीच्या कुळातल्या वनस्पती होत्या. घाटमाथ्यावरचे हे झुडूप सात वर्षे नुसते वाढते, आठव्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस एकदम निळे-जांभळे फुलते, बी धरते आणि मरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षी ती फुलली. सर्व डोंगरांवर मात्र हे वर्ष एकच नसते. साऱ्या झुडपांनी एकाच वर्षी का फुलावे? एक स्पष्टीकरण असे, की बी खाणाऱ्या किड्यांना आणि प्राण्यांना एकाच वेळी इतके बी मिळते, की ते सारे फस्त करू शकत नाहीत आणि उरलेले रुजते. पण झुडूप वर्षे मोजते कसे, याचे पुरते उत्तर अजून मिळालेले नाही. कारवीच्या काठ्यांचे कूड विणून घरे उभारणाऱ्या ठाकर आणि कातकरी लोकांना हे चक्र शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

सांतापाव यांच्या ग्रंथाची किंमत आज अधिक जाणवते. त्यानंतर या डोंगरांत द्रुतगती मार्ग आला, बंगले आले, हॉटेले आली. कोणती वनस्पती कमी झाली, हे सांगायचे तर आधी काय होते ते माहीत असायला हवे. ज्याची नोंद नाही, ते नाहीसे झालेलेही कळत नाही.

शाळेत काय करता येईल?

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्यावी. वरचा भाग कापून तो उलटा, नरसाळ्यासारखा बसवावा. तळाचा खोलगट भाग खडे आणि पाणी घालून सपाट करावा आणि पाण्याच्या त्या पातळीवर शून्य धरून बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. झाले पर्जन्यमापक तयार! रोज सकाळी एकाच वेळी नोंद करून पाणी पुन्हा शून्याच्या खुणेपर्यंत आणावे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर पुण्यात सातशेच्या आसपास. मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव अशा लोहमार्गावरच्या गावांतल्या शाळांनी आपापल्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, तर घाट ओलांडल्यावर ढग कसे रिते होत जातात ते मुलांना स्वतःच्या आकड्यांतून दिसेल.

दुसरा उपक्रम याहून सोपा. प्रत्येक मुलाने एक झाड निवडावे आणि दर शनिवारी त्याच्यापाशी दहा मिनिटे थांबून काय दिसले ते तारखेसह लिहावे. झाडाचे नाव पहिल्या दिवशी सांगू नये, मुलांना ते शोधू द्यावे. पहिले दोन आठवडे मुले ‘काही बदल नाही’ असे लिहितील. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोणीतरी धावत येईल आणि विचारेल, ‘‘ही अंडी कोणाची?’’ उत्तर ठाऊक नसेल तर शिक्षकांनी तसे मोकळेपणाने सांगावे आणि मुलांबरोबर झाडापाशी जाऊन बसावे. वह्या मात्र वर्ष संपल्यावर रद्दीत घालू नयेत. पुढच्या वर्षीच्या वर्गाला त्या लागतील.