मथळा असा हवा!

दोस्तांनो, बारामतीच्या एखाद्या शाळेत भित्तिपत्रकावर 'पक्ष्यांविषयी माहिती' असा मथळा दिला, तर कोण थांबेल? आता हा बघा : 'भिगवणला आले गुलाबी पाहुणे!' इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांची ही बातमी. गाव कळलं, रंग दिसला, आणि पाहुणे कोण, ही उत्सुकताही वाढली!

थेट प्रश्नही वाचकाला थांबवतो. १८९७ मध्ये टिळकांनी 'केसरी'त इंग्रजांना विचारलं, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' अवघे पाच शब्द. पण आजही लोकांच्या तोंडी आहेत.

मात्र एक पथ्य पाळा. दहाच पक्षी दिसले, तर 'हजारो पाहुणे' लिहू नका. एकदा फसलेला वाचक पुन्हा तुमच्या भित्तिपत्रकाकडे फिरकत नाही. म्हणून आधी लेख पुरा करा, मथळा मग!