पाच हजार मजल्यांच्या शहरात रात्रीचं जेवण

२००२ साली आलेल्या ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ या स्टार वॉर्सपटात एक पाठलाग आहे. मारेकरी बाई जीव घेऊन पळते आणि एका क्लबात शिरते. तिच्यामागे चित्रपटाचे नायक ओबी-वान आणि ॲनाकिन. आत तोबा गर्दी, निळसर उजेड, भिंतीभिंतींवर खेळांचे पडदे, मध्ये दारूचा गुत्ता. ओबी-वान तिथं शांतपणे उभा राहून पेय मागवतो, नशेच्या कांड्या विकणाऱ्या पोराला घरी पाठवतो आणि पाठीमागून आलेल्या मारेकरणीचा हात क्षणात उडवतो. हा आऊटलँडर क्लब. कोरुसांट नावाच्या ग्रहावरच्या उस्क्रू या करमणुकीच्या पेठेतला. त्याच चित्रपटात जरा पुढे चार हातांच्या डेक्सची खानावळही येते. पडद्यावर हे सगळं मिळून काही मिनिटांचं काम. पण ज्या शहरात हा क्लब आहे, त्याचे आकडे घेऊन बसलं की रात्र कशी सरते कळत नाही.

कोरुसांट हे नाव प्रथम आलं टिमथी झान यांच्या १९९१ च्या कादंबरीत. शहरानं सगळा ग्रह झाकून टाकलाय. ग्रहाचा व्यास १२,२४० किलोमीटर, म्हणजे आपल्या पृथ्वीहून थोडासाच लहान. एकावर एक ५,१२७ थर. लोकसंख्या साधारण एक लाख कोटी. आपण पृथ्वीवर सगळे मिळून आठशे कोटींच्या थोडे पुढे आहोत. म्हणजे आपल्यासारख्या सव्वाशे पृथ्व्यांची माणसं तिथं एका ग्रहावर राहतात.

आता भागाकार करू. त्या व्यासाच्या ग्रहाचं क्षेत्रफळ होतं ४७ कोटी चौरस किलोमीटर. लाख कोटी माणसं त्यावर पसरली तर एका चौरस किलोमीटरला येतात सुमारे २,१००. आणि मुंबईत? २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहर आणि उपनगर मिळून वीस हजारांच्या वर. आकाशगंगेतलं सर्वांत गजबजलेलं शहर आपल्या मुंबईच्या जेमतेम एक दशांश दाट आहे. तेही सगळी माणसं एकाच थरावर आणून उभी केली तर. ५,१२७ थरांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ अडीच चौरस किलोमीटर जागा येते, म्हणजे वीस शिवाजी पार्क. थरांमध्ये कारखाने, नळ, यंत्रं, गोदामं असणार हे धरूनही गर्दी कुठून आणायची हा प्रश्न उरतोच.

खरी गर्दी माणसानं करून दाखवलीय, आणि तीही कल्पनेत नव्हे. हाँगकाँगमधली कौलून वॉल्ड सिटी म्हणजे जेमतेम पावणेतीन हेक्टरांचा तुकडा. १९८७ च्या सरकारी पाहणीत तिथं ३३ हजार माणसं होती. दहा-चौदा मजल्यांच्या इमारती एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की खालच्या बोळांत दिवसाही दिवे लागायचे. वर वाढायला मर्यादा होती, कारण जवळच काई टाक विमानतळ. त्याच अंधाऱ्या बोळांत माशांचे गोळे वळणारे छोटे कारखाने होते आणि त्यांचा माल हाँगकाँगच्या उपाहारगृहांत जायचा. १९९३-९४ मध्ये ती वस्ती पाडली गेली, तिथं आता बाग आहे. कौलूनच्या दाटीनं कोरुसांटची लाख कोटी माणसं वसवली तर किती जमीन लागेल? सुमारे आठ लाख चौरस किलोमीटर. म्हणजे अडीच महाराष्ट्र! पाच हजार थर नकोत, चौदा मजले पुरे, आणि उरलेला सगळा ग्रह मोकळा.

आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’मधल्या ट्रँटरचा हिशेब तर आणखी धक्का देतो. साम्राज्याची राजधानी, सगळी जमीन धातूच्या छताखाली, लोकसंख्या चार हजार कोटींच्या वर. जमिनीचं क्षेत्रफळ त्यांनी साडेसात कोटी चौरस मैल दिलंय, म्हणजे १९ कोटी चौरस किलोमीटरच्या पुढे. घनता निघते चौरस किलोमीटरला साधारण २०६. महाराष्ट्राची २०११ ची घनता ३६५ आहे. गडचिरोलीची जंगलं आणि सह्याद्रीचे कडे धरून आपलं राज्य ट्रँटरपेक्षा दाट भरलेलं आहे.

याच असिमोव्हांची १९५४ ची ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ ही कादंबरी मला या बाबतीत फार मोलाची वाटते. तिच्यात पृथ्वीची लोकसंख्या आहे आठशे कोटी. एवढ्या माणसांना उघड्यावर राहणं परवडत नाही म्हणून सगळे आठशे बंदिस्त महानगरांत कोंडलेले. घरी स्वयंपाक नाही. भागाभागाचं सामुदायिक भोजनगृह, ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी रांगेत बसायचं, यीस्टपासून केलेलं अन्न खायचं. काही जेवणं घरी घेण्याची मुभा मिळते, ती नोकरीतल्या दर्जाप्रमाणे. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबानं १५ नोव्हेंबर २०२२ ला आपण तो आठशे कोटींचा आकडा ओलांडला. त्या दिवशीही घरोघरी चुली पेटल्या आणि आपण उघड्या आकाशाखालीच होतो. असिमोव्हांचा आकडा बरोबर आला, जागेची भीती चुकली. मात्र रात्रीच्या जेवणाचं काय, हा त्यांनी विचारलेला प्रश्न अचूक होता. शहराची खरी अडचण जागेची नसतेच. आत काय आणायचं आणि बाहेर काय टाकायचं, ही असते.

तर लाख कोटी माणसांचं जेवण. माणशी रोज अर्धा किलो कोरडं धान्य धरू, भाजी, तेल, दूध बाजूला ठेवून. रोजचे होतात ५० कोटी टन. भारतानं २०२३-२४ या वर्षभरात साधारण ३३ कोटी टन अन्नधान्य पिकवलं. कोरुसांट ते सोळा तासांत संपवेल. साऱ्या पृथ्वीचं वर्षाचं तृणधान्य, सुमारे २८० कोटी टन, सातवा दिवस पाहणार नाही. जगातली सर्वांत मोठी मालवाहू जहाजं चार लाख टन माल वाहतात. अशी १,२५० जहाजं रोज रिकामी करावी लागतील. दर ६९ सेकंदांना एक, रात्रंदिवस, सणवार न पाळता. पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर म्हटलं तर रोज ३०० कोटी घनमीटर. कोयनेचं धरण काठोकाठ भरतं तेव्हा त्यात १०५ टीएमसी पाणी असतं, म्हणजे जवळजवळ एवढंच. सकाळी भरलेला धरणाचा शिवसागर जलाशय रात्री कोरडा, आणि तेही नुसतं पिण्यात. आंघोळ, भांडी, धुणं वेगळं.

घरचा डबा पोचवायचा म्हटलं तर? मुंबईचे डबेवाले कोविडच्या आधी सुमारे पाच हजार होते आणि रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवायचे. माणशी चाळीस डबे. याच हिशेबानं कोरुसांटला अडीच हजार कोटी डबेवाले लागतील. पृथ्वीवरची सगळी माणसं, तान्ह्या बाळांसकट, टोपी घालून कामाला लागली तरी तिसरा हिस्साही भरणार नाही.

पण मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवतो तो उभा आकडा. एक थर नुसत्या चार मीटरचा धरला तरी ५,१२७ थरांची उंची होते साडेवीस किलोमीटर. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर. दोन एव्हरेस्ट एकावर एक ठेवले तरी वरून अडीच किलोमीटरहून जास्त उरतात. एवढ्या उंचीत हवा एकसारखी राहत नाही, आणि हवा बदलली की स्वयंपाक बदलतो.

तळाशी आपल्यासारखी हवा आहे असं समजू. मग सर्वांत वरच्या थरावर दाब इतका कमी होईल की पाणी ३३-३४ अंशांनाच उकळेल. माणसाच्या अंगापेक्षाही थंड असलेलं ते पाणी खळखळा उकळत असेल आणि त्यात डाळ तशीच कडक राहील. तिथं उघड्यावर माणूस जगणारच नाही म्हणा. म्हणून उलटं करू. श्रीमंतांच्या गच्च्या वर आहेत, आऊटलँडरसारखे क्लब वर आहेत, तेव्हा वरची हवा आपल्यासारखी ठेवू. मग तळाशी दाब जाईल अकरापटीच्या आसपास. आपला घरचा कुकर साधारण दुप्पट दाबावर आणि १२० अंशांवर चालतो. तळाच्या थरावर झाकण न लावलेल्या पातेल्यात पाणी १८० अंशांच्या पुढे उकळेल. तूरडाळ मिनिटांत गळून जाईल.

आणि भजी? भजी तळली जाते ती पिठातलं पाणी शंभर अंशांना वाफ होऊन बाहेर उसळतं म्हणून. तेल १७०-१८० अंशांवर असतं, पाणी त्यात टिकूच शकत नाही. तो तडतडाट, ते बुडबुडे, ती खुसखुशीत कड, सगळी त्या वाफेची करामत. तळाच्या थरावर १८० अंशांच्या तेलात भजी सोडली तर पाणी उकळणारच नाही. कढई गप्प राहील. पीठ शिजेल, पण ओलं आणि लिबलिबीत. पाच हजार थरांच्या त्या शहरात खालून वर जाताना प्रत्येक टप्प्यावर पाककृती वेगळी लिहावी लागेल. हा तपशील मला कुठल्याही अंतराळयुद्धापेक्षा थरारक वाटतो.

आता थर क्रमांक १३१३. स्टार वॉर्सच्या चाहत्यांना तो माहीत आहे. गुन्हेगारांचा, चोरट्या धंद्यांचा थर. त्याच्या नावाचा एक व्हिडिओ गेमही तयार होत होता, तो २०१३ मध्ये बंद पडला. थर तळापासून मोजतात, म्हणजे १३१३ हा वरच्या थरापासून ३,८१४ थर खाली. आपल्या चार मीटरच्या हिशेबानं पंधरा किलोमीटरहून खोल. दाब सहापट. समुद्रात ५० मीटर खोल गेलेल्या पाणबुड्यावर एवढाच दाब असतो. त्या खोलीवर साधी हवा श्वासात घेतली तर तिच्यातल्या नायट्रोजननं माणसाला झिंग येते. बोलणं अडखळतं, उगाच हसू येतं, निर्णय चुकतात. १३१३ वरच्या गुत्त्यात गिऱ्हाईक पेला तोंडाला लावण्याआधीच झिंगलेलं असेल. बिअरला फेस येणार नाही.

वरच्या प्रवासाचं तर विचारू नका. शांघाय टॉवरची लिफ्ट सेकंदाला २० मीटरच्या वेगानं धावते. तशी लिफ्ट १३१३ वरून तेरा मिनिटांच्या आत वर पोचेल. शरीर पोचणार नाही. सहापट दाबात राहिलेल्या माणसाच्या रक्तात आणि मांसात नायट्रोजन मुरलेला असतो. दाब एकदम उतरला की त्याचे बुडबुडे होतात. सांधे पिळवटतात, लकवा भरतो, मरणही येतं. खोल समुद्रात मुक्काम करून काम करणाऱ्या पाणबुड्यांना म्हणूनच हळूहळू वर आणतात. त्यांच्या नियमानं १३१३ च्या रहिवाशाला वर यायला अडीच-तीन दिवस लागतील. कथेत खालच्या थरांतले गरीब वर येऊ शकत नाहीत, कारण पैसा नाही, ओळख नाही. हवेचा दाब मोजला की दिसतं, त्यांचं रक्तच त्यांना वर येऊ देणार नाही. वरच्या क्लबात पेले धुणारा पोऱ्या खालच्या थरावरून रोज ये-जा करू शकत नाही. थरांमध्ये हवाबंद दारं घालून दाब सारखा ठेवता येईल, पण मग प्रत्येक थराला हवा पुरवायची आणि जुनी काढायची, म्हणजे हवेचंही भाडं.

असे क्लब तरी किती असतील? शंभरातला एक जण रात्री बाहेर पडला तर होतात हजार कोटी माणसं, आपल्या साऱ्या जगाहून जास्त. दोन हजारांचा एक क्लब धरला तर पन्नास लाख क्लब. रोज रात्री नवा क्लब पाहायचा ठरवलं तर १३,७०० वर्षं लागतील. माणसानं शेती सुरू करूनही एवढा काळ लोटलेला नाही. आपल्याकडचा उंच नमुना म्हणजे टोकियोचा काबुकिचो टॉवर, एप्रिल २०२३ मध्ये उघडलेला. जमिनीवर ४८ मजले, खाली ५, उंची २२५ मीटर. आत हॉटेल, चित्रपटगृह, नाट्यगृह, गाण्याच्या मैफलींचं दालन, खाण्याचा अख्खा मजला. कोरुसांटच्या उंचीला असे नव्वदएक टॉवर एकावर एक लागतील.

शेवटी उष्णता. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो. लाख कोटींचे झाले १०० टेरावॅट, साऱ्या मानवजातीच्या आजच्या एकूण ऊर्जावापराच्या पाचपट, नुसतं बसून राहण्याचे. माणशी वापर सध्याच्या अमेरिकन माणसाइतका, म्हणजे नऊ-दहा किलोवॅट धरला तर दहा हजार टेरावॅटच्या घरात जातो. पृथ्वी सूर्याची जेवढी ऊर्जा शोषते तिच्या जवळजवळ आठ टक्के. तेवढ्यानं ग्रहाचं तापमान ढोबळमानानं पाच अंश चढेल. कार्बनचा एक कणही न जाळता. आपण पॅरिस करारात दीड अंशासाठी जिवाचा आटापिटा करतोय.

ग्लासगोच्या एसडब्ल्यूजी३ या संगीतगृहात २०२२ पासून नाचणाऱ्यांच्या अंगाची ऊब खेचून घेणारी यंत्रणा आहे. ती ऊब जमिनीतल्या विंधनविहिरींत साठवतात आणि पुढे तीच इमारत गरम करायला वापरतात. नाचणारा माणूस सहज तीनशे वॅट टाकतो. कोरुसांटच्या पन्नास लाख क्लबांनी हेच केलं तर रात्रभर तीस लाख मेगावॅटची उष्णता हाती येईल. भारतातली सगळी वीजकेंद्रं, कोळशाची, पाण्याची, वाऱ्याची, उन्हाची आणि अणूची, एकत्र केली तरी त्यांची क्षमता आज पाच लाख मेगावॅटच्या आसपास आहे. ही सहापट ऊब नुसत्या नाचणाऱ्यांची. दिवे, वाद्यं आणि मुदपाकखाने अजून मोजलेलेच नाहीत.