कार्ल्याचा शेवटचा 'ए'

कार्ले, भाजे, बेडसे. मावळातल्या या तिन्ही लेण्यांची नावं एकारान्त आहेत, आणि रोमन लिपीत ती तशीच लिहिली तर तिन्हींच्या शेवटी 'ई' हे अक्षर येतं. लोणावळ्याला उतरलेला फ्रेंच पाहुणा ती नावं आपल्या भाषेच्या सवयीने वाचू लागला, तर कार्ल्याचं 'कार्ल' होईल आणि बेडशाचं 'बेद्स'. कारण फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटी आलेलं बिनखुणेचं 'ई' बहुधा मुकं असतं. त्यावर उजवीकडे चढणारी छोटी तिरकी रेघ दिली की स्वच्छ 'ए' ऐकू येतो. आपल्या ओळखीच्या 'कॅफे'तला शेवटचा 'ए' याच रेघेचा. तिला म्हणतात अक्सां-तेग्यू.

रेघ उलट्या बाजूने झुकली की 'ए' जरा पसरट होतो. 'सी'खालची शेपटी 'क'चा 'स' करते. पुण्यातल्या 'आलियाँस फ्रान्सेज'च्या नावात ती आहेच, आणि ती गाळली तर नियमाने 'फ्रांकेज' वाचावं लागेल. टोपीची गोष्ट वेगळी. 'हॉस्पिटल'मधला 'स' फ्रेंच 'ओपिताल'मधून गळाला आणि त्याची आठवण म्हणून 'ओ'वर टोपी राहिली.

आपण 'दिन' आणि 'दीन' यांत गल्लत खपवून घेत नाही. मग पर्यटकांसाठी फ्रेंच माहितीपत्रक छापताना या खुणा का गाळायच्या? लेण्यांच्या अभ्यासात तर त्यांच्यावाचून पानही हलत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातला एक ब्राह्मी लेख सांगतो, की जंबुद्वीपातलं हे उत्तम शैलगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पुरं केलं. हे नाव आज रोमन लिपीत काटेकोर लिहायचं तर दीर्घ 'ऊ' आणि 'आ' दाखवायला अक्षरांवर आडव्या रेघा द्याव्या लागतात.

टाइप करणं मुळीच अवघड नाही. मोबाइलवर 'ई' दाबून धरलं की खुणांची अख्खी रांग समोर येते. विंडोजवर 'कॅफे'तल्या 'ई'साठी ऑल्ट दाबून ठेवून उजवीकडच्या आकड्यांच्या कळांवर ०२३३ टाइप करावं. शेपटीच्या 'सी'साठी ०२३१. मॅकवर ऑप्शन आणि 'ई' एकत्र, मग पुन्हा 'ई'.

मोठ्या अक्षरांवरची खूण मात्र सर्रास गाळली जाते. फ्रेंच अकादमीच्या मते ती तिथेही हवीच. कार्ल्याचे शिलालेख 'एपिग्राफिया इंडिका'च्या सातव्या खंडात प्रसिद्ध करणारे फ्रेंच पंडित एमिल सेनार यांचं नाव अशाच अक्षराने सुरू होतं. त्यासाठी आकडा ०२०१.