हस्तव्यवसायाचा आनंद आणि हिशेब

हस्तव्यवसायाविषयी आपल्या समाजात दोन टोकांची मते आढळतात. एक मत कलेचा गौरव करते, पण कारागिराची मिळकत विचारत नाही. दुसरे मत पिढीजात कामाकडे पाठ फिरविण्यातच प्रगती मानते. कोल्हापुरी चपलेच्या व्यवसायाकडे जवळून पाहिले असता दोन्ही मते अपुरी आहेत, असे आम्हांस वाटते.

ही चप्पल घडविण्यासाठी बाभळीची साल व हिरडा वापरून कातडे कमावतात. रापीने तळ, पट्टे आणि कान कापतात. तळाचे थर चामड्याच्या वादीने शिवतात. पारंपरिक जोडात खिळा नसतो. वेणी घालण्याचे व नक्षीचे नाजूक काम बहुधा घरातील स्त्रिया करतात. कातड्याच्या तुकड्यापासून तयार जोडापर्यंतची वस्तू आपल्याच घरात आकार घेते, आणि वर्षानुवर्षे ती वापरलेला ग्राहक पुन्हा त्याच दाराशी येतो. हा आनंद लहान नाही.

अडचण सुरू होते ती किमतीपाशी. समजा, एका जोडास ४०० रुपयांचे साहित्य, १०० रुपये इतर खर्च आणि दोन दिवसांचे श्रम लागले. व्यापाऱ्याने ९०० रुपये दिले, तर ४०० रुपये नफा झाला असे वाटते. वस्तुतः तो नफा नव्हे. ती दिवसाला २०० रुपये एवढी मजुरी आहे. वेणी घालणाऱ्या गृहिणीचे श्रम धरले, तर तीही उरत नाही. घरच्या माणसांचे श्रम फुकट धरणे, ही लहान व्यवसायातील सर्वांत महाग सवय होय. त्यात पावसाळ्यात कातडे वाळत नाही, विक्री मंदावते. उधारी अडकते, भांडवल मात्र आधीच गुंतलेले असते.

दुसरे संकट नकलेचे. २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही बाजारात कृत्रिम चामड्याच्या ‘कोल्हापुरी’ विकल्या जातातच. २०२५ साली इटलीतील प्राडा कंपनीने मिलान येथे तशाच घडणीच्या चपला सादर केल्या. भारतातून आक्षेप आल्यानंतर मूळ प्रेरणा मान्य केली. मानांकन नावाचे रक्षण करते. योग्य मोल मात्र कारागिराला स्वतः, आणि शक्य तर संघटितपणे, मागावे लागते.

अखेरचा प्रश्न प्रतिष्ठेचा आहे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्पष्ट केले. जन्माने लादलेले काम आणि विचारपूर्वक निवडलेला व्यवसाय यांतील भेद आपण विसरता कामा नये. चर्मकाराच्या मुलाने अभियंता व्हावे, आणि इतर कोणाच्या मुलीने रापी हाती घ्यावी, यात वावगे काहीच नाही. मात्र व्यवसाय निवडणाऱ्याने आपल्या कामाचा मालक व्हावे, केवळ मजूर राहू नये.

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे: हस्तव्यवसाय करू इच्छिणाऱ्या मुलास हत्यारांबरोबर हिशेबाची वहीही द्या, आणि तिच्या पहिल्या पानावर श्रमांचे मोल लिहावयास शिकवा.