एका रात्रीत चढलेला दीड किलो

"मॅडम, महिनाभर भात कमी केला. काल नागपूरला सावजी मटण खाल्लं, तर आज काटा दीड किलो वर!" खाप्यातली एक ताई डायटच सोडायला निघाली होती.

ताई, ती चरबी नाही, पाणी आहे. किलोभर चरबी चढायला गरजेपेक्षा सुमारे ७७०० कॅलरी जास्त लागतात. एका जेवणात एवढं कोण खातं? रश्श्यातलं मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. भात-पोळीची साखर अंगात साठते, तेव्हा दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणीही साठतं. (पाळीच्या आधीही काटा असाच फसवतो.) नेहमीचं जेवण चालू ठेवा, दोन-चार दिवसांत उतरतं. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी करा.

पण पायावर बोट दाबल्यावर खड्डा राहत असेल, दम लागत असेल, तर सावजीला दोष देत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.