पडद्यावरील पट

दहा वर्षांचा नातू, त्याची कॉलेजांत शिकणारी बहीण, बँकेंतून निवृत्त झालेले आजोबा आणि ज्यांनीं जन्मांत व्हिडिओ गेमचा कंट्रोलर हातीं धरला नाहीं अशा आजी, ह्या चौघांना एकाच खेळांत एकाच वेळीं बसवावयाचें, आणि तेंही अशा रीतीनें कीं, तास उलटून गेला तरी कोणीहि कंटाळून उठूं नये, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. बुद्धिबळाचा पट मांडला तर आजोबा जिंकणार हें पहिल्या पांच मिनिटांतच ठरून जातें. धांवण्यापळण्याचा खेळ काढला तर आजी बाहेर. पडद्यावरील मारामारीचा खेळ लावला तर नातवापुढें बाकीच्या तिघांचा निभाव लागत नाहीं. मराठी घरांनीं ह्या अडचणीवर एक जुना तोडगा काढून ठेवलेला आहे. जो सर्वांत दुबळा, त्याला ‘लिंबूटिंबू’ ठरवावयाचें. तो खेळतो, पण त्याच्यावर राज्य येत नाहीं. तो बाद झाला तरी बाद धरला जात नाहीं. ह्या तोडग्यांत माया आहे, मान मात्र नाहीं. आपल्याला लिंबूटिंबू केलें आहे हें चार वर्षांच्या पोराच्याहि लवकरच ध्यानांत येतें, आणि तें कोपऱ्यांत रुसून बसतें.

जपानांत १८ डिसेंबर १९९८ रोजीं ‘मारिओ पार्टी’ नांवाचा एक खेळ विक्रीस आला. कोणालाहि लिंबूटिंबू न करतां सर्वांना एका बैठकीस कसें बसवावें, ह्या प्रश्नाचें त्यांत एक उत्तर आहे. तें सर्वांना पटणारें नाहीं, पण विचार करण्याजोगें खचित आहे.

खेळ प्रसिद्ध करणारी कंपनी निन्टेंडो. हिचा जन्म विजेच्या यंत्रांतून झालेला नाहीं. १८८९ सालीं क्योतो शहरांत फुसाजिरो यामाउची ह्या गृहस्थानें ‘हानाफुदा’ नांवाचे पत्ते बनविण्याचा धंदा सुरू केला. वर्षाचे बारा महिने, प्रत्येक महिन्याचें एक फूल किंवा झाड, आणि प्रत्येकाचीं चार पानें, असा हा अठ्ठेचाळीस पानांचा जोड. पत्ते जपानांत नेले ते सोळाव्या शतकांतील पोर्तुगीज दर्यावर्द्यांनीं. पत्त्यांना जपानी भाषेंत ‘कारुता’ म्हणतात तो शब्द मूळचा पोर्तुगीजच. सावंतवाडीच्या गंजिफांचा दशावतारी जोड, त्याचीं तीं एकशें वीस गोल पानें, ज्या घरांत जपून ठेविलीं असतील त्या घराला पत्ते रंगविणाऱ्यांच्या दुकानापासून टेलिव्हिजनच्या पडद्यापर्यंतचा हा प्रवास कौतुकाचा वाटेल.

खेळ प्रत्यक्ष घडविला तो मात्र साप्पोरो येथील हडसन सॉफ्ट ह्या मंडळींनीं. त्यांच्या गांठीं ह्या कामाचा अनुभव होता. १९८८ सालीं त्यांनीं ‘मोमोतारो देन्तेत्सु’ हा आगगाडीचा खेळ काढला होता. त्यांत जपानच्या नकाशावर फांसे टाकून गाड्या हांकावयाच्या आणि ठरलेलें स्टेशन गांठावयाचें. ह्याचें मूळ ‘सुगोरोकू’ नांवाच्या जुन्या कागदी पटांत आहे. नववर्षाच्या सणांत जपानी कुटुंबें हा पट मांडून बसत असत. त्याचा एक प्रकार तर बौद्ध धर्मांतील नरकापासून पुण्यलोकापर्यंत चढत जाण्याचा आहे. महाराष्ट्रांत परंपरेनें ज्ञानेश्वरांच्या नांवाशीं जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटाची त्यावरून आठवण व्हावी. मोमोतारोच्या मालिकेंत ‘बिंबोगामी’, म्हणजे दारिद्र्याचा देव, असें एक पात्र आहे. एक खेळाडू ठरलेल्या स्टेशनावर पोंचला कीं, जो सर्वांत मागें राहिला असेल त्याच्या मानगुटीवर हा देव बसतो आणि त्याचे पैसे उधळूं लागतो. पडत्याला आणखी पाडणें हा तेथील नियम. ‘मारिओ पार्टी’नें नेमका हाच नियम उलटा केला.

तें कसें, हें समजण्यास पट डोळ्यांपुढें आणावा. पडद्यावर वळणावळणाची वाट असून तिच्यावर रंगीत घरें आहेत. खेळाडू चार, माणसें कमी असतील तर रिकामी जागा यंत्र स्वतः भरून काढतें. प्रत्येक जण आपल्या पाळीला फांसा उडवितो. फांशावर एकापासून दहापर्यंत आंकडे असतात, तेव्हां सरासरीनें साडेपांच घरें पुढें जावयाचें. निळ्या घरांत पडलें तर तीन नाणीं मिळतात, तांबड्या घरांत पडलें तर तीन जातात. चौघांची एक फेरी झाली कीं पट बाजूला सरतो व एक छोटा खेळ सुरू होतो. बहुतेक खेळ एका मिनिटांत आटोपतात. जो जिंकेल त्याला सामान्यतः दहा नाणीं. वीस नाणीं जमलीं आणि पटावर जेथें तारा उभा आहे तेथें पोंचतां आलें, तर तो विकत घेतां येतो. अखेरीस ज्याचे तारे अधिक तो पहिला. तारे सारखे असतील तर नाणीं मोजावयाचीं.

ह्यांतली पहिली खुबी ताऱ्याच्या जागेंत आहे. बहुतेक पटांवर कोणी तारा विकत घेतला कीं नवा तारा भलत्याच ठिकाणीं उगवतो. मोक्षपटांत किंवा सुगोरोकूंत शेवटचें घर एकच असतें. जो मागें पडला तो मागेंच. येथें शेवटचें घरच नाहीं. आघाडीचा खेळाडू मोठ्या दिमाखानें ताऱ्यापाशीं जातो, तारा खरेदी करतो, आणि पुढच्याच क्षणीं नवा तारा पिछाडीला रेंगाळणाऱ्या आजींच्या समोर तीन घरांवर प्रकट होतो. ‘मागें’ ह्या शब्दाला पटावर कांहीं अर्थच उरत नाहीं.

दुसरी खुबी छोट्या खेळांच्या निवडींत आहे. पहिल्या भागांतच असे पन्नासाहून अधिक खेळ होते. त्यांतील एक नमुन्यादाखल घ्यावा. पाण्यांत निरनिराळ्या रंगांचीं मोठालीं अळंबीं उभीं असतात. एक पात्र एखाद्या रंगाचें निशाण वर करतें, आणि त्या रंगाचें अळंबें सोडून बाकीचीं पाण्यांत बुडतात. वेळेंत उडी मारली तो तरला. नियम सांगावयास एक वाक्य पुरतें, आणि ‘तांबडें! तांबडें!’ असें ओरडण्यास कोणतेंही शिक्षण लागत नाहीं. कांहीं खेळ चपळाईचे, कांहीं स्मरणाचे, कांहीं निव्वळ नशिबाचे. १९९९ च्या दुसऱ्या भागांत एक खेळ असा आहे कीं, पांच खटक्यांपैकीं एकाला स्फोट जोडलेला असतो आणि प्रत्येकानें पाळीपाळीनें एकेक खटका दाबावयाचा. तेथें नातवाच्या दहा बोटांची सारी करामत आजींच्या एका बोटापुढें फुकट जाते. शिवाय फेरीअखेर कोण कोणत्या रंगाच्या घरांत उभा आहे त्यावरून खेळ चौघांचा स्वतंत्र, दोघांविरुद्ध दोघांचा कीं एकाविरुद्ध तिघांचा, हें ठरतें. दोन मिनिटांपूर्वीं ज्या बहिणीचीं नाणीं बुडालीं म्हणून भाऊ टाळ्या पिटत होता तिच्याच जोडीला बसून त्याला होडी वल्हवावी लागते.

आतां भांडणाचा भाग. पटावर ‘बू’ नांवाचें एक भूत असतें. पहिल्या भागांत त्याला पन्नास नाणीं दिलीं तर तें दुसऱ्याचा अख्खा तारा चोरून आणतें. कोणाचा चोरावयाचा हें देणाऱ्यानें सांगावयाचें. येथें घरांतील माणसांची खरी परीक्षा होते. नातवाला आजींचा तारा घ्यावयास संकोच वाटतो. आजींना नातवाचा तारा घेतांना तसा कांहीं संकोच वाटत असल्याचें सहसा दिसत नाहीं. जपून खेळणारे, शब्द पाळणारे आजोबा ‘मी तुझा घेणार नाहीं’ असें वचन नातीला देऊन बसतात आणि तिसऱ्याच फेरींत तें मोडतात. पट समजण्यास अर्धा तास पुरे. घरांतलें माणूस कळण्यास मात्र ह्या भुताची मदत बरीच होते.

पण खरी तक्रार आहे ती बक्षिसाच्या ताऱ्यांबद्दल. खेळ संपला, आंकडे दिसले, नातू तीन ताऱ्यांनीं पहिला आला, असें वाटत असतांनाच यंत्र आणखी तीन तारे वांटतें. पहिल्या भागांत ते असे होते: छोट्या खेळांत ज्यानें सर्वाधिक नाणीं मिळविलीं त्याला एक, खेळाच्या ओघांत कोणत्याहि एका क्षणीं ज्याच्याजवळ सर्वांत अधिक नाणीं होतीं त्याला एक, आणि प्रश्नचिन्हाच्या घरांत जो सर्वांत अधिक वेळां पडला त्याला एक. पहिले दोन तारे कसबाचे म्हणतां येतील. तिसरा निव्वळ फांशाचा. ज्याला स्वतःला कळलेंही नाहीं कीं आपण पांच वेळां त्या घरांत पडलों, त्याला तारा मिळतो आणि तासभर काळजीपूर्वक खेळलेला मुलगा दुसरा ठरतो. त्याच्या डोळ्यांत पाणी उभें राहतें तें रडीच्या डावाचें नव्हे. मेहनतीचें फळ मेहनत करणाराला मिळावें असें ज्या घरांत रोज शिकविलें जातें, त्याच घरांत टेलिव्हिजनवर उलटा न्याय झालेला त्यानें पाहिलेला असतो. त्याची तक्रार खोटी म्हणतां येत नाहीं.

तरीहि खेळ रचणारांची बाजू अगदीं लंगडी नाहीं. हे तारे शेवटच्या क्षणापर्यंत झांकलेले असतात, म्हणूनच चौथ्या क्रमांकावरील माणूस शेवटच्या फेरीपर्यंत मनापासून फांसा टाकतो. जिंकण्याची आशा संपलेल्या माणसाशीं खेळणें ही शिक्षा आहे, हें कॅरमचा एकतर्फी डाव खेळलेल्या प्रत्येकाला माहीत असेल. आणि मुद्दाम हरणाऱ्या वडीलधाऱ्या माणसापेक्षां लहरी यंत्र पत्करलें, असेंही म्हणतां येईल. वडिलांनीं जाणूनबुजून चूक केली तर मूल तें ओळखतें आणि आंतून दुखावतें. नशिबानें दिलेला विजय आयता असला तरी भीक नसतो.

ह्या खेळानें एकदां प्रत्यक्ष इजाही केली, ती गोष्ट घरांतील मोठ्यांनीं लक्षांत ठेवावी. पहिल्या भागाच्या कंट्रोलरवर मधोमध एक लहान दांडी असे. रस्सीखेंचीसारख्या कांहीं खेळांत ती शक्य तितक्या वेगानें गरगर फिरवावयाची होती. अंगठ्यानें फिरविण्यापेक्षां तळहात टेकवून फिरविली तर वेग वाढतो, हें मुलांनीं पहिल्या दिवशींच शोधून काढलें. कठीण प्लास्टिकनें तळहात सोलवटले, फोड आले. अखेर मार्च २००० मध्यें न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कचेरीशीं समझोता होऊन, निन्टेंडोच्या अमेरिकेंतील शाखेनें मागणाऱ्या प्रत्येक घराला चारपर्यंत हातमोजे मोफत देण्याचें व तपासाच्या खर्चापोटीं ७५,००० डॉलर भरण्याचें मान्य केलें. सर्वांनीं हातमोजे मागितले असते तर खर्च आठ कोटी डॉलरपर्यंत गेला असता, असा त्या वेळीं अंदाज होता. पुढील भागांतून दांडी फिरविण्याचे खेळ जवळजवळ नाहींसे झाले. २०२१ च्या ‘मारिओ पार्टी सुपरस्टार्स’मध्यें जुन्या भागांतील शंभर खेळ निवडून घेतले आहेत. त्यांत रस्सीखेंच परत आली आहे, परंतु तळहातानें दांडी फिरवूं नये अशी सूचना पडद्यावर दिसते.

एकत्र बसून खेळणें ही कल्पना ह्या खेळाबरोबर जन्मली असें मात्र समजूं नये; उलट व्हिडिओ गेमची सुरुवातच दोघांनीं झाली. १९५८ सालीं अमेरिकेंतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम ह्या शास्त्रज्ञानें पाहुण्यांच्या करमणुकीसाठीं ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिस मांडलें, त्यास दोन खेळाडू लागत. १९७२ सालीं आलेल्या मॅग्नव्हॉक्स ओडिसी ह्या पहिल्या घरगुती यंत्राला गुण मोजतां येत नसत. म्हणून पेटींत फांसे, पत्ते व खोट्या नोटाहि घातलेल्या असत. पडद्यावर ठिपके हलत आणि हिशेब माणसें ठेवीत. चौघांची सोय सहज झाली ती १९९६ च्या निन्टेंडो ६४ ह्या यंत्रावर, कारण त्याला चार कंट्रोलर जोडण्याच्या जागा मुळांतच होत्या. ‘मारिओ पार्टी’ निघाला तो ह्याच यंत्रासाठीं.

घरीं खेळावयाचा असेल तर कांहीं गोष्टी आधीं ठरवाव्या. पहिल्या भागांत २०, ३५ किंवा ५० फेऱ्यांचा डाव असे. पन्नास फेऱ्या म्हणजे दुपारचें जेवण ते दिवेलागण. ‘सुपरस्टार्स’मध्यें दहा फेऱ्यांचाहि डाव मांडतां येतो, आणि नवख्यांनीं तोच मांडावा. प्रत्येक छोट्या खेळापूर्वीं सरावाची सोय असते. नातवाची घाई बाजूला ठेवून ती वापरूं द्यावी. आजींना कळ दाखवितांना त्यांच्या हातांतला कंट्रोलर काढून घेऊं नये. ज्यांना चढाओढच नको वाटते त्यांच्यासाठीं २०१६ चा ‘ओव्हरकुक्ड’ आहे. त्यांत चौघांनीं मिळून एक स्वयंपाकघर चालवावयाचें असतें. मात्र भाजी कोणी चिरावी आणि भांडीं कोणी घांसावीं ह्यावरून त्या स्वयंपाकघरांत होणारा आरडाओरडा खऱ्या स्वयंपाकघराहून कमी नसतो.

ऑक्टोबर २०२४ मध्यें आलेल्या ‘सुपर मारिओ पार्टी जॅम्बोरी’मध्यें एका प्रकारांत वीस माणसें आपापल्या घरून, इंटरनेटवरून एकत्र खेळूं शकतात. दूर देशीं गेलेल्या मुलांसाठीं ती सोय चांगलीच. पण शेजारीं बसलेल्याच्या कोपराला धक्का देण्याची सोय तींत नाहीं.

बक्षिसाच्या ताऱ्यांची गोष्ट राहिली. २०२१ च्या ‘सुपरस्टार्स’मध्यें ते बंद ठेवण्याची मुभा आहे. डाव मांडण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं मिळून हें ठरवावें, आणि नातवाचें मतही विचारावें. बहुधा तो ते बंद करा असेंच सांगेल. मग आंकडे उघड राहतात, हिशेब चोख होतो, आणि तो जिंकला तर त्याच्या विजयाला कोणी नांवें ठेवूं शकत नाहीं. फक्त पंधरा फेऱ्यांच्या डावांत दहाव्या फेरीच्या सुमारास आजी चष्मा काढून ठेवतात आणि चहाचें कोणाकोणाला हवें तें विचारूं लागतात.